बाईंचा आवाज

गळ्याच्या ऑपरेशननंतर बाईंचा आवाज गेला तो गेलाच. शाळेतलं शिकवणं सुटलं, नातवाला हाक मारायचीसुद्धा सोय राहिली नाही. "येईलही, नाहीही येणार," म्हणून डॉक्टरांनी हात वर केले. देव तर तेवढंही बोलला नाही. तरी दर रविवारी बाई चर्चच्या गायनमंडळात नणंदेशेजारी उभ्या राहायच्या आणि नुसते ओठ हलवायच्या.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी बाईंसाठी खास प्रार्थना केली. सगळे डोळे मिटून उभे होते. "प्रभो, तू असं का केलंस, हे आम्ही तुला कधीच विचारणार नाही..."

"का नाही?"

गंजलेलं फाटक करकरावं तसा आवाज आला. पाळकसाहेबांनी दचकून डोळे उघडले. कोण बोललं म्हणून बाईंनी स्वतःच मागे वळून पाहिलं!

"अगं वहिनी, तूच!" नणंद किंचाळली.

मग काय विचारता! अख्खं चर्च टाळ्या पिटत सुटलं. ऑर्गन वाजवणारे आजोबा चक्क बाकावर चढले. बाई हसता हसता रडू लागल्या, आणि ते हसणंही चालू न होणाऱ्या स्कूटरसारखं खरखरलं, तसे लोक आणखीच हसले.

पाळकसाहेबांनी डोळे पुसले. "विचारा बाई, आज खुशाल विचारा त्याला."

वर्षभराचे प्रश्न बाईंच्या घशाशी आले.

"आधी गाऊन घेते," त्या म्हणाल्या, "मग विचारते. तो कुठं पळून जातोय!"