काकडीची फोड

"आधी तुमी खा, नथ्थूभाऊ," प्रेमाबाई म्हणाल्या.

वाशिमजवळच्या मालेगावच्या आठवडी बाजारात नथ्थूकडून काकडी घ्यायची हीच रीत होती. गिऱ्हाईक समोर बसलं की नथ्थूनं ढिगातली एक काकडी उचलायची, देठ उडवून दोन फोडी करायच्या, एक गिऱ्हाइकाला द्यायची आणि दुसरी आपल्या तोंडात टाकायची. प्रेमाबाई त्याच्याकडे दहा वर्षांपासून येत होत्या. नवऱ्याचं, जवरीलालजींचं, कापडाचं दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. उद्या नातीच्या वाढदिवसाला घरी चाळीस पानं होती, म्हणून आज सून चेतना मोठ्या दोन पिशव्या घेऊन सोबत आली होती.

नथ्थूनं फोडी केल्या. एक प्रेमाबाईंना दिली. दुसरी हातात धरून बसला.

"मले डाक्टरनं मना केली, काकू."

"काकडी? काहून?"

"गाजर गवतापाई."

तोंडातून निघालं आणि त्याचं त्यालाच ते येड्यासारखं वाटलं. वाशिमच्या डॉक्टरांनी त्याला दोनदा समजावलं होतं. शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं ते पांढऱ्या फुलांचं गवत तुम्हाला सोसत नाही, त्याची ॲलर्जी आहे, म्हणून डोळे सुजतात, मान खाजते. काकडीतही त्या गवतासारखंच काहीतरी असतं. अंग फसतं, काकडीलाच गवत समजतं. खाऊ नका, ही गोळी खिशात ठेवा, आणि दम अडला तर गोळीच्या भरवशावर बसू नका, सरळ दवाखाना गाठा. नथ्थूनं दोन्ही वेळा मान हलवली होती. पण ज्या अंगानं चाळीस वर्षं काकडी पिकवली आणि खाल्ली, त्या अंगाला आता गवत आणि काकडी वेगळी कळू नये, हे काही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"गवताचा न काकडीचा काय संबंध?" चेतनानं विचारलं. मग सासूच्या हाताकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, "गवतावर औषध मारलं असन. तेच काकडीवर उडालं असन."

प्रेमाबाईंची फोड ओठांपर्यंत गेली होती, ती खाली आली.

"नाही मारलं जी," नथ्थू म्हणाला. "गवत त हातानंच उपटतो आमी."

"चार बाजार झाले, म्या पाहून राह्यलो," शेजारी टमाटे घेऊन बसलेला लालसिंग बोलला. "सोताची काकडी हा तोंडाले लावत नाही."

त्याच्या मनात वाईट नव्हतं. दिसलं ते त्यानं सांगितलं. पण पलीकडे काकड्या निवडत असलेल्या बाईनं निवडलेल्या काकड्या गुपचूप ढिगात ठेवल्या आणि ती उठली. दोघं-तिघं मात्र थांबले, काय होतं ते पाहायला.

नथ्थूनं पुन्हा गवतापासून सांगायला सुरुवात केली. अर्ध्यात त्याला डॉक्टरांचे शब्द आठवेनात. गवत काकडीला समजतं की काकडी गवताला, इथंच तो अडकला.

"फवारली असं मी म्हणत नाही, भाऊ," प्रेमाबाई समजुतीनं म्हणाल्या. "पण घरी लेकरं जेवाले आहेत. तुमी खाल्ली असती त माह्या जिवाले बरं वाटलं असतं."

नथ्थूनं हातातली फोड तोंडात टाकली.

काकडी गोड होती. दोन घास झाले नाहीत तोच जीभ चुरचुरली, टाळू खाजू लागला. त्यानं तोंड मिटून घेतलं. पण ओठ कुठं लपवणार? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खालचा ओठ गांधीलमाशी डसल्यासारखा टम्म झाला.

"अरे, जहर हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

प्रेमाबाईंच्या हातातली फोड खाली पडली.

तेवढ्यात नथ्थूची बायको गिरजाबाई प्यायच्या पाण्याची कॅन भरून घेऊन आली. तिनं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि काही न विचारता त्याच्या खिशातली गोळी काढून त्याला दिली, वर पाणी पाजलं.

"दम लागून राह्यला का?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं.

"लालसिंगभाऊ, एक आटो उभा करून ठेवा," ती म्हणाली. लालसिंग टमाटे तसेच टाकून पळाला. ऑटो येऊन घुरघुरत उभा राहिला. गिरजाबाईनं नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला आणि श्वास मोजत राहिली. श्वास सरळ चालत होता. ओठही आणखी वाढला नाही.

मग ती ढिगापाशी बसली. कोणी काय म्हटलं हे तिला कोणी सांगितलं नाही. रिकाम्या पिशव्या धरून उभ्या असलेल्या दोघी तिला दिसत होत्या. तिनं ढिगाच्या वरची एक काकडी घेतली आणि सालीसकट खाल्ली. मग मधून एक ओढली. मग अगदी तळातली. मीठ नाही, घाई नाही. बाजार गजबजलेला होता, पण तेवढ्या जागेत नुसता काकडी चावल्याचा आवाज येत होता.

नथ्थू जड ओठानं बसून होता. औषध मारलं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण तो दवाखान्यात गेला त्या दिवशी मळ्यात पोरगा मुकेश एकटाच होता. मारलं असन का त्यानं? नाही मारणार. मग आपलंच तोंड असं काहून झालं?

गिरजाबाईनं चौथी काकडी मोडली. जमलेली माणसं तिच्या ओठांकडे टक लावून पाहत होती.

नथ्थूही पाहत होता.