मिरीचा जीव

कोकणातल्या मसाल्याच्या बागेत धुळ्याच्या प्रेमराजभाऊंनी मिरीचं रोप विकत घेतलं, तेव्हा बागवाले काका स्पष्टच बोलले. "तुमच्याकडच्या उन्हात नाही हो जगायचं ते."

"जगवून दाखवतो!" भाऊ इरेला पेटले. "पारा पंचेचाळीसवर गेला तर खास कूलर आणीन. झाडालाही जीव असतो, काका."

काकांनी मान डोलावली. दीपमालावहिनींनी नवऱ्याच्या हातातलं रोप काढून घेतलं आणि परतीच्या गाडीत घर येईपर्यंत मांडीवरून खाली ठेवलं नाही.

दारात पोचल्यावर भाऊंनी विचारलं, "कोठे ठेवानं?"

"सैपाकघरमा," वहिनी म्हणाल्या. "तठे बारा उन्हाळा मी कूलर मांगा. आते हाई रोपले मांगू द्या."