एनॉकची बाग

भाकरीवर मुंगी चढली होती. ओबेडनं ती झटकली नाही. ती आपणहून उतरून जाईपर्यंत तो भाकरी हातात धरून बसला.

“तिचं जेवण उरकेपर्यंत तुमची भाकरी गार होईल, काका,” केझिया म्हणाली.

“होऊ दे. तिला पोरंबाळं असतील, ताई.”

अनवाणी पाय, छातीपर्यंत दाढी, खांद्याला बियांची कातडी पिशवी. ओहायोच्या त्या रानात ओबेडला कोण ओळखत नव्हतं? पूर्वेकडे सफरचंदं पिळायचे घाणे होते. त्यांच्यामागच्या चोथ्यातून तो बिया निवडून आणायचा आणि नव्या वस्त्यांवर लावत हिंडायचा. कुणाकडे काही मागायचा नाही. बोलायचा कमी, आणि विचारलं तेवढंच, पण खरं सांगायचा. केझियाला तो देवमाणूस वाटे, आणि त्याला कारण होतं.

पेनसिल्व्हेनियात असताना तिच्या नवऱ्यानं, एनॉकनं, पिऊन गाडी नदीत घातली होती. गाडीत त्यांचा धाकटा मुलगा होता. एनॉक तेवढा वाचला.

मुलाला पुरल्यावर केझियानं नवऱ्याला एकच सांगितलं, जिथं दारूचं दुकान नाही तिथं जायचं. त्यानं बायबलवर हात ठेवून शपथ घेतली. तरी मक्याची दारू गाळायचं तांब्याचं भांडं त्यानं गाडीत लपवलंच होतं. तिनं ते वाटेत ओढ्यात फेकलं. नंतर दोन वर्षं तो धड कशातच नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

मग ओबेड पहिल्यांदा आला. तो आणि एनॉक दिवसभर टेकडीच्या उतारावर बोलत बसले होते. संध्याकाळी एनॉक घरात आला आणि त्यानं फावडं मागितलं.

“बाग लावतोय,” तो म्हणाला.

चुलीकडे तोंड करून केझिया पोटभर रडली. आपला माणूस परत आला, असं तिला वाटलं.

आणि बागेसाठी त्यानं काय केलं नाही? हरणं येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं. ओढा आटला तेव्हा खांद्यावरून पाणी वाहिलं. हिवाळ्यात हात रिकामे नकोत म्हणून कोठारात पिंपं बनवत बसायचा.

“एवढी पिंपं कशाला रे?” तिनं एकदा विचारलं होतं.

“खारवलेलं मांस भरायला. वस्ती वाढतेय. लागतील.”

“तुझा नवरा झाडांच्या प्रेमात पडलाय गं,” शेजारीण चिडवायची.

“सवत असावी तर अशी,” केझिया हसून म्हणायची. सात वर्षं तिनं त्याच्या तोंडाला वास येतो का ते पाहिलं होतं. अलीकडे तिनं तेही सोडलं होतं.

या वर्षी झाडं पहिल्यांदा लगडली. नेमका ओबेडही आला. एनॉक सकाळपासून कोठारात होता. आज फळं उतरवायची म्हणून स्वारी खुशीत होती, शीळ घालत होती.

ओबेडची भाकरी संपेपर्यंत केझिया टोपली घेऊन उतारावर गेली. सगळ्यात लाल फळ तोडून तिनं चावा घेतला. तोंड आकसलं. दुसऱ्या झाडाचं तोडलं, मग तिसऱ्याचं. एकही तोंडात धरवेना.

तिला स्वतःचं काही वाटलं नाही. एनॉकचं वाटलं. ही बाग गेली तर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करील, पुन्हा दारू शोधत निघेल. ती जवळजवळ धावतच परत आली.

“काका, सगळी आंबट निघाली. त्याला कसं सांगू? तो पार मोडून पडेल.”

ओबेडनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. “आंबटच निघायची, ताई. बियांची झाडं बहुतेक आंबटच. मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

कोठारातून पिंप गडगडत बाहेर आल्याचा आवाज आला.

“मग तरी त्यानं लावली?”

“गोड हवी तर दुसऱ्या कुणाकडून कलमं आण, म्हटलं मी,” ओबेड म्हणाला. “तो म्हणाला, नकोत. दारू आंबटाचीच चांगली होते ना, एवढंच त्यानं विचारलं.”