घरात कोण ओढायचं?

“लहानपणी घरात बिडी-सिगारेट कोण ओढायचं?” जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी उषाला विचारलं.

शेजारच्या स्टुलावर बसलेल्या तिच्या बापानं, भुजंगरावांनीच, हळूच हात वर केला.

उषाचं पोट हे तिसऱ्यांदा पडलं होतं. या खेपेला चौथा महिना लागला होता. तपासण्यांत काही सापडलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खात्रीनं नाही सांगता येत, पण तंबाखूच्या धुरात वाढलेल्या मुलींना पुढे असा त्रास होऊ शकतो. औषध देते, पुन्हा बघू. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर भुजंगरावांना बरं वाटलं असतं.

उषा दोन वर्षांची असताना तिची आई वारली. रात्री पोर बापाच्या गोधडीत झोपायची आणि बापाला बिडीशिवाय झोप यायची नाही. एवढीशी खोली, थंडीत खिडकी बंद. पोर खोकली की एका हातानं तिची पाठ थोपटायची, दुसऱ्या हातात बिडी चालूच. हे आठवून ते एसटीत रडले. उषा म्हणाली, “बाबा, लोक बघून राह्यले.” राजूरच्या थांब्यावर त्यांनी खिशातलं बंडल फेकून दिलं.

पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. हसनाबादला उषाची सासू वाट पाहत होती. सासू म्हणजे भुजंगरावांच्याच गल्लीत राहणारी त्यांची थोरली बहीण, द्वारकाबाई. भावाची पोर म्हणून मोठ्या हौसेनं तिनं उषाला सून करून घेतलं होतं आणि आता काडीमोडाचा धोशा लावला होता. लेकासाठी, रामकिसनसाठी, जांब समर्थकडची मुलगी बघूनही झाली होती. रामकिसन आईपुढे तोंड उघडणाऱ्यातला नव्हता.

सगळं आपल्या अंगावर घ्यायचं, असं भुजंगरावांनी वाटेतच ठरवलं.

द्वारकाबाई चुलीपुढे बसली होती. ते उंबऱ्याशीच टेकले आणि एका दमात सांगून मोकळे झाले, की पोरीत काही खोट नाही, माझ्या बिडीच्या धुरानं तिचं वाटोळं केलं.

द्वारकाबाईनं भावाचं सगळं काढलं. आमच्या घरी माळ आहे, इथे बिडीला कधी थारा नव्हता, तुला आईनंही सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. भुजंगराव मान खाली घालून ऐकत राहिले. त्यांना त्यातला एकही शब्द जास्तीचा वाटला नाही.

“तू काय वाढवलं तिला?” ती म्हणाली. “तू दिवसभर रानात. सांभाळली मी. सकाळी आली की दिवस मावळंपर्यंत ह्याच चुलीपाशी. माझी मांडी सोडत नव्हती. गल्लीतल्या बाया डब्या घेऊन यायच्या, घडीभर बसायच्या, त्यांच्या बी अंगाखांद्यावर खेळली.”

“खरं हाय, अक्का.”

“रातची बी माझ्याकडंच ठेवायला पायजे होती. मंग हे दिवस आले नसते.”

भुजंगरावांना जोराचा ठसका लागला. पाठोपाठ तिलाही लागला. डोळे पुसून ती पुढचं बोलायला गेली आणि थांबली. हातातलं उलथनं तव्यावर तसंच राहिलं.

“माझ्या पापाची सजा तिला नको देऊ,” ते म्हणाले.

ती भावाकडे बघत नव्हती. तेवढ्यात उषा बापासाठी पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आली.

“आत येऊ नको,” द्वारकाबाई म्हणाली. “भाईरच थांब.”

उषाचा चेहरा उतरला. तांब्या उंबऱ्यावर ठेवून ती मागे फिरली. संपलं सगळं, असं भुजंगरावांना वाटलं.

द्वारकाबाईनं पदरानं धरून तवा चुलीवरून उतरवला आणि खालच्या आवाजात विचारलं, “भुजंगा, आम्ही मिश्रीसाठी तंबाखू भाजतो, त्याचा बी धूर धरत्यात का त्यात?”