मिशीचा गोंद

नामवंत नटाला पाखरं बघायचं वेड लागलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्याच्या मेकअपवालीला. दारूपेक्षा दुर्बीण बरी, असं ती सेटभर सांगत फिरली. आज दुर्बिणीचं रबर निघालं म्हणून त्यानं मिशीचा गोंद मागितला. तिनं हौसेनं अख्खी बाटलीच दिली. शॉटची वेळ झाली तरी बाटली येईना, म्हणून ती सेटमागच्या बागेत गेली. फांदीवर पिल्लू फडफडत होतं, पण पाय सुटत नव्हते. पायांखाली गोंद चकाकत होता. वर पिल्लाची आई जिवाच्या आकांतानं ओरडत होती. "आईचे भाव बघ! फोटो टीप लवकर!" नट सोबत आणलेल्या फोटोग्राफरवर खेकसला. मेकअपवालीनं तेलाच्या बोळ्यानं पाय सोडवून पिल्लू घरट्यात ठेवलं. नटानं मिशीसाठी सवयीनं डोळे मिटून ओठ पुढे केला. तिनं मिशी त्याच्या हातावर ठेवली. "साहेब, आता तुमची तुम्हीच चिकटवा. हात बसलाय तुमचा."