पातेल्याखालची वाळुंज

सरपंच कुमुदिनीबाईंनी सकाळपासून तिसऱ्यांदा पातेलं उचलून बघितलं. खाली, स्वयंपाकघराच्या फरशीच्या फटीत, वाळुंजीच्या झाडाचा कोंब होताच. प्रयोगशाळेत घडवलेली ही वाळुंज फक्त ओढ्याच्या पाण्यावर रुजायची. ती रुजेल तिथून पन्नास फूट हिरवा पट्टा, बांधकाम नाही, हा नियम बाईंनीच ग्रामसभेत रेटला होता. परवाच त्या नियमाने शेजारच्या ढमालेंचा गोठा पाडला होता.

“मामंजींनी हे घर कशावर बांधलं हो?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“ओढा बुजवून. तेव्हा कोण विचारत होतं?” नवरा कुजबुजला. “उपट पटकन.”

बाईंनी कोंब उपटला. भोकातून गार पाणी वर आलं आणि उंबऱ्याबाहेर निघालं.

दारात चपला काढणारे ढमाले थबकले. “बाई, नळ चालू राहिला का?”

कोंब बाईंच्या मुठीतच होता.

“नळ नाही, ढमाले,” त्या म्हणाल्या. “ओढा आलाय.”