बोंड्याचं अंथरूण

डॉक्टरांनी कासवाला हातसुद्धा लावला नाही. आधी पेटीचं झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि झटकन मागे घेतलं.

"कुठलं लाकूड हे?"

"देवदार," आप्पाजी म्हणाले. चिकपेटेत पस्तीस वर्षं लाकडाची वखार चालवलेला माणूस. अशा वेळीही लाकडाचं नाव सांगताना छाती पुढे आलीच. "एक नंबर माल, डॉक्टर. मी स्वतः रंधा मारून ढलप्या काढल्यात. वास तर बघा! कीड म्हणून फिरकत नाही."

"वासच बघतोय. ज्या वासानं कीड मरते, तो हा जीव आठ दिवस बंद पेटीत ओढतोय. छाती भरलीय त्याची. नाक बघा, डोळे बघा कसे सुजलेत. दुसरं काही नव्हतं खाली घालायला? साधा पेपर चालला असता."

साध्या पेपराचीच तर सगळी गोष्ट होती.

नऊ वर्षांच्या सिद्धीनं, त्यांच्या नातीनं, वहीच्या पानावर लिहून दिलं होतं: बोंड्याच्या खालचा पेपर रोज सकाळी काढायचा, नवा घालायचा, दुसरं काही घालायचं नाही. 'नाही'खाली दोन रेघा. कासवाचं नाव बोंडा, कारण तो तसाच दिसायचा. येलहंक्याहून मुलगा विद्याधर सिद्धीला घेऊन त्याला सोडायला आला, हुबळीच्या लग्नाला जाण्याआधी. दोन वर्षांनी त्यानं बापाचा उंबरा ओलांडला होता. "आप्पाजी, फक्त पेपर," स्कूटरला किक मारताना तो म्हणाला. "बाकी डोकं चालवू नका. आठ दिवस नीट गेले, तर मे महिनाभर सिद्धीला इथं ठेवीन." "सरी, बरं," म्हणून आप्पाजींनी मान डोलावली.

महिनाभर! आप्पाजींच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, त्याच दिवशी नातीसाठी गादी उन्हात टाकली.

आणि आप्पाजींनी काय करावं? रंधा काढला. लाकडाच्या व्यापाऱ्याकडे आलेला पाहुणा रद्दीवर झोपणार? लोक तोंडात शेण घालतील! त्यांनी नवी पेटी ठोकली. मांजर येऊ नये म्हणून घट्ट झाकण, त्याला पितळी मूठ, आत चार बोटं देवदाराच्या ढलप्या. तिसऱ्या दिवशी बोंड्यानं खाणं सोडलं. "घरची आठवण येत असेल," असं म्हणून त्यांनी आणखी एक थर घातला. सुनंदाबाई रोजचा पेपर घडी करून पेटीशेजारी ठेवायच्या. "अहो, पोरीनं सांगितलंय तेवढं करा की."

"तुला काय कळतं लाकडातलं?" असं म्हणून आप्पाजी तो पेपर उचलायचे आणि दाराजवळच्या गठ्ठ्यावर टाकायचे.

डॉक्टरांनी सुई टोचली, पण आशा नाही हे त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. हेब्बाळच्या दवाखान्यातून परत येताना रिक्षातच बोंड्यानं मान टाकली. ती आत ओढून घेण्याइतकाही जोर त्याच्यात उरला नव्हता. आप्पाजींनी ती मान तळहातावर धरून ठेवली, जीव गेल्यावरही, थेट चिकपेटेपर्यंत.

संध्याकाळी स्कूटर आली. सिद्धी धावत आत गेली आणि पेटीपाशी थांबली. रडली नाही. बोंड्याच्या पाठीवर बोट ठेवून तशीच बसली. विद्याधरनं झाकण हातात घेतलं, पितळी मुठीवरून अंगठा फिरवला. आरडाओरडा करायला हवा होता त्यानं. आप्पाजी त्याचीच वाट बघत होते.

"पलंगासारखंच केलंत," विद्याधर एवढंच म्हणाला.

दोन वर्षांपूर्वी आप्पाजींनी त्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत न सांगता सागवानी पलंग पाठवला होता. दारातून जाईना, तर चौकट कापायला लावली. मुलगा ऑफिसात असताना. घरमालकानं पंधरा दिवसांत घर खाली करून घेतलं. पलंग मात्र खरोखर उत्तम होता, असं आप्पाजी आजही म्हणत.

"विद्या, ऐक स्वल्प," आप्पाजी म्हणाले. "मी चांगल्यातलं चांगलं..."

"ठाऊक आहे." विद्याधरनं दाराजवळच्या गठ्ठ्यातला वरचा पेपर ओढला, बोंड्याला त्यात गुंडाळलं आणि पुडकं सिद्धीच्या हातात दिलं. "चल."

सुनंदाबाईंनी आतून सिद्धीची गादी अर्धी बाहेर आणली होती. ती तशीच हातात धरून त्या उभ्या राहिल्या. आप्पाजी दारात आले. काहीतरी बोलायला हवं होतं. चुकलो, एवढंच. त्यांनी दाराची चौकट धरली.

स्कूटरवर बसल्यावर सिद्धीनं मान वळवली. पोरीनं आजोबांसाठी कारण शोधून काढलं होतं.

"अज्जा, पेपर संपला होता का?"

"होय पुट्टी," आप्पाजी म्हणाले. "संपला होता."

सिद्धीनं त्यांच्या मागे, उघड्या दाराजवळच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. मग मांडीवरचं पेपरचं पुडकं नीट धरलं.

"सरी, अज्जा," ती म्हणाली.